लॉगिन अडकलं की आधी घड्याळ बघा: २०२४ च्या दोन घटना आणि आपली 'नेटवर्क स्लो आहे'ची सवय

२०२४ या वर्षात इंटरनेटच्या सुरक्षेबद्दल दोन मोठ्या बातम्या आल्या, एक मार्चच्या शेवटी आणि दुसरी १ जुलैला. दोन्हींची चर्चा 'बॅकडोअर', 'हॅकर', 'लाखो सर्व्हर धोक्यात' अशा शब्दांत झाली. पण बारकाईने बघितलं तर दोन्हींच्या मुळाशी एकच साधी गोष्ट होती: दूरच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायला लागणारा वेळ.

पहिल्या प्रकरणात लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. दुसऱ्यात अर्धवट लॉगिन १२० सेकंद तसंच लटकत ठेवलं, तर सर्व्हर ताब्यात घेता येत होता. अर्धा सेकंद एका माणसाने मनावर घेतला म्हणून जग वाचलं. १२० सेकंदांची खोच मात्र पावणेचार वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कोणाला दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, मी तर फोन वापरतो, सर्व्हरवर लॉगिन करणारे इंजिनियर वेगळे. खरं आहे. पण तुमचं पेमेंट, तुमचे फोटो, तुमचा निकाल, तुमचं तिकीट ज्या मशीनवर असतं, त्यातली बहुतेक मशीन लिनक्सवर चालतात. ती सांभाळणारी माणसं कुठल्यातरी ऑफिसमधून किंवा घरून त्यांच्यात दुरून शिरतात. ते शिरण्याचं दार म्हणजे एसएसएच. दाराला भोक पडलं तर घर तुमचंही आहे.

एसएसएच म्हणजे काय, थोडक्यात

जुन्या काळी युनिक्स वर्कस्टेशनवर दुरून काम करायचं तर टेलनेट किंवा आरलॉगिन वापरत. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा वायरवरून जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या टाटू यलोनेन यांनी, तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर, सगळा संवाद कुलूपबंद करणारा एसएसएच लिहिला. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याचं मोफत रूप बनवलं, ते ओपनएसएसएच. आज जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं आणि साधारणपणे २२ नंबरच्या पोर्टवर ऐकत बसलेलं असतं. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत तर तुमच्या फोनवरूनही हे लॉगिन करता येतं. अनेक कॉलेजची मुलं स्वस्तातला क्लाउड सर्व्हर घेऊन हे करतातही.

आणि ज्यांनी केलंय त्यांना हा अनुभव नक्की आला असेल: स्क्रीन गोठते. टाइप करा, काही उमटत नाही. एंटर मारा, कंट्रोल-सी मारा, ढिम्म. शेवटी खिडकी बंद करून पुन्हा लॉगिन. म्हणजे आपण काय केलं? कारण शोधलं नाही, फक्त लक्षण पुसलं.

अडकलं कुठे, त्यावरून कारण कळतं

अडकलेल्या लॉगिनचा छडा लावताना पहिला प्रश्न असा: कधी अडकलं? आत शिरताना, आत गेल्यावर मध्येच, की बाहेर पडताना? दुसरा प्रश्न: किती सेकंद? या दोन प्रश्नांत अर्धं काम होतं.

आत शिरताना अडकलं, तर एसएसएचच्या कमांडला हायफन आणि तीन वेळा 'व्ही' जोडून चालवा. तो प्रत्येक पायरी बोलून दाखवतो. 'कनेक्टिंग'वरच थांबला तर पाकीट पोहोचतच नाहीये. मध्ये फायरवॉल आहे किंवा मशीन बंद आहे. कनेक्शन झालं, पण किल्ल्यांची देवाणघेवाण चालू असताना थांबला, तर पाकिटाच्या आकाराचा संशय घ्या. साध्या इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं. घरच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ते १४९२ असतं आणि व्हीपीएन लावला की आणखी कमी. छोटी पाकिटं जातात, म्हणून पिंग व्यवस्थित दिसतं. पहिलं मोठं पाकीट आलं की ते मध्येच गडप होतं. पिंग चालतंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे, हा गैरसमज इथेच होतो.

पासवर्ड दिल्यावर अडकलं तर गोष्ट वेगळी. मोठ्या लॅबमध्ये प्रत्येकाची होम डिरेक्टरी एका सामायिक फाइल सर्व्हरवर असते आणि ती एनएफएसने जोडलेली असते. तो फाइल सर्व्हर पडला, की पासवर्ड बरोबर असूनही तुमची सेटिंगची फाइल वाचायला गेलेला शेल तिथेच वाट बघत बसतो. अशी प्रोसेस 'पीएस'च्या यादीत 'डी' या अवस्थेत दिसते. तिला किल-९ मारूनही ती बऱ्याचदा हलत नाही, कारण ती कर्नलच्या आत उत्तराची वाट बघतेय. तिथे तुमचं मशीन रीस्टार्ट करून उपयोग नाही, फाइल सर्व्हरकडेच बघायला हवं.

मध्येच गोठलं तर आधी कंट्रोल-क्यू दाबा. हसू नका. वर्डमधल्या सवयीने 'सेव्ह' म्हणून कंट्रोल-एस दाबलं जातं, आणि जुन्या टर्मिनलच्या भाषेत त्याचा अर्थ 'छपाई थांबव' असा होतो. कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू कर'. मी स्वतः पहिल्या वर्षी यासाठी तीन वेळा लॅपटॉप बंद केलाय.

त्याने नाही झालं, आणि तुम्ही चहा पिऊन आल्यावर गोठलेलं सापडलं, तर दोष बहुतेक मधल्या राउटरचा. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या पत्त्यांमागे बसवतात. कोणाचं पाकीट कोणाकडे जायचं याची नोंद एका वहीत असते. बराच वेळ काही गेलं-आलं नाही की ती नोंद खोडली जाते. नियम सांगतो की चालू कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी. लिनक्सही मुळात २ तासांनीच 'जिवंत आहेस का' अशी हाक मारतो. पण कित्येक राउटर हा नियम पाळत नाहीत आणि काही मिनिटांतच विसरतात. दोन्ही टोकांना वाटतं समोरचा आहे, आणि मधला मात्र दोघांनाही ओळखत नाही. उपाय सोपा आहे: एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० ठेवा. दर मिनिटाला एक छोटी हाक जाते. ओळीने तीन हाकांना उत्तर नाही आलं तर एसएसएच स्वतःच कनेक्शन तोडतो, तुम्हाला गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही.

फोनवर आणखी एक गंमत. घरातून बाहेर पडलात, वायफाय सुटलं, मोबाइल डेटा लागला, की तुमचा पत्ताच बदलतो. जुनं कनेक्शन तिथेच मेलं. त्यासाठी एमआयटीतून २०१२ मध्ये आलेलं मॉश वापरून बघा, ते पत्ता बदलला तरी धागा सोडत नाही. आणि काम टीमक्समध्ये करा, म्हणजे कनेक्शन मेलं तरी तिकडे चालू असलेलं काम मरत नाही.

बाहेर पडताना अडकलं, म्हणजे 'एक्झिट' लिहिलं तरी प्रॉम्प्ट परत येत नाही, तर मागे तुम्हीच काहीतरी चालू ठेवून आलायत आणि त्याचं आउटपुट अजून या कनेक्शनला बांधलेलं आहे. अशा वेळी, खरं तर कुठल्याही गोठलेल्या सेशनमध्ये, एंटर, मग ~ आणि मग टिंब दाबा. एसएसएच मुकाट बाहेर येतो. खिडकी बंद करायची गरज नाही.

आणि आता सेकंदांबद्दल. माझ्या पहिल्या नोकरीत एका टेस्ट सर्व्हरवर लॉगिनला बरोबर दहा सेकंद लागायचे. पंधरा-वीस जण रोज त्यावर जात असू. सगळे म्हणायचे, 'नेटवर्क स्लो आहे.' मीही म्हणायचो. जवळपास आठ महिने असंच गेलं. मग एका सीनियर ताईने विचारलं, "स्लो नेटवर्क रोज बरोबर दहाच सेकंद कसं स्लो असेल रे?" प्रश्न ऐकून लाज वाटली. रहदारीमुळे उशीर झाला तर कधी चार सेकंद लागतील, कधी तेरा. ठरलेला, गोल आकडा म्हणजे कोणाचा तरी टाइमआउट. लिनक्समध्ये डीएनएसला एकदा विचारल्यावर ५ सेकंद वाट बघायची असं मुळात ठरलेलं असतं. त्या सर्व्हरच्या यादीत पहिला डीएनएस केव्हाच बंद झालेला होता, आणि एसएसएचच्या जुन्या सेटिंगमुळे प्रत्येक पाहुण्याचं नाव दोनदा विचारलं जायचं: पत्त्यावरून नाव आणि नावावरून पुन्हा पत्ता. पाच अधिक पाच. एक ओळ खोडली आणि लॉगिन चुटकीसरशी व्हायला लागलं.

आमचं नुकसान फक्त वेळेचं झालं. पण ही सवय जगाला किती महाग पडू शकली असती, ते मार्चमध्ये कळलं.

मार्च: अर्धा सेकंद

आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आहेत. सुरक्षा हा त्यांचा धंदा नाही. ते डेबियनच्या अस्थिर ('अनस्टेबल') आवृत्तीवर डेटाबेसचा वेग मोजत होते. मोजमाप स्वच्छ यावं म्हणून मशीन शांत हवं होतं, पण एसएसएचच्या प्रोसेस जास्त सीपीयू खात होत्या. इंटरनेटवर कोणीतरी सतत चुकीच्या नावांनी लॉगिन करून बघतच असतं, ते नवीन नाही. पण नाव चुकीचं आहे म्हटल्यावर लगेच नकार मिळायला हवा, एवढी मेहनत कशाला?

त्यांनी मोजलं. आधी असा नकार मिळायला ०.२९९ सेकंद लागत होते. आता ०.८०७. मग सीपीयू कुठे खर्च होतोय हे बघितलं, तर बोट गेलं लिबएलझेडएमएकडे. ही फाइल छोटी करणाऱ्या एक्सझेड नावाच्या टूलची लायब्ररी. काही आठवड्यांपूर्वी अपडेटनंतर टेस्टिंगमध्ये आलेल्या विचित्र तक्रारीही त्यांना आठवल्या. धागा ओढत गेले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी जाहीर केलं: एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर आहे.

आता तुम्ही विचाराल, फाइल छोटी करणाऱ्या टूलचा लॉगिनशी काय संबंध? मुळात काहीच नाही. ओपनएसएसएच ही लायब्ररी वापरत नाही. पण डेबियन, फेडोरा यांच्यासारख्या काही वितरणांनी, सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडीला देता यावी म्हणून एसएसएचमध्ये थोडा बदल केला होता. सिस्टमडीच्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. अशा मागच्या जिन्याने ती एसएसएचच्या प्रोसेसमध्ये येऊन बसली. आत येऊन ती किल्ली तपासणारं एक फंक्शन बदलून टाकायची. ज्याच्याकडे ठराविक गुप्त किल्ली आहे, त्याला लॉगिन न करताच त्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती.

आणि उशीर का व्हायचा? एसएसएच सर्व्हर प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी स्वतःला पुन्हा सुरू करतो. दर वेळी हा लपलेला कोड स्वतःची जागा शोधायला मेहनत करायचा. चोराने आवाज होऊ नये म्हणून सगळं केलं, पण प्रत्येक वेळी दार उघडायला अर्धा सेकंद जास्त लागत होता.

या धोक्याला १० पैकी १० गुण मिळाले, म्हणजे सर्वात गंभीर. सुदैवाने ५.६.० येऊन जेमतेम महिना झाला होता. ती डेबियन, फेडोरा, ओपनसुसे, काली यांच्या चाचणी किंवा सतत बदलणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती. कंपन्या ज्या स्थिर आवृत्त्या वापरतात तिथे ती गेली नव्हती. उबुंटूने खबरदारी म्हणून २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली. कोड फक्त इंटेल-एएमडी प्रकारच्या ६४ बिट लिनक्ससाठी होता, त्यामुळे तुमच्या फोनला थेट धोका नव्हता. तुमचा डेटा ज्या सर्व्हरवर असतो, त्यांना मात्र पुढेमागे झाला असता.

हे घुसलं कसं, ती गोष्ट तंत्रापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे. एक्सझेड वर्षानुवर्षं फिनलंडचे लासे कॉलिन जवळपास एकटेच सांभाळत होते, बिनपगारी, छंद म्हणून. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावाचं एक खातं आलं आणि चांगले, उपयोगी बदल पाठवायला लागलं. २०२२ मध्ये 'जिगर कुमार', 'डेनिस एन्स' अशा नावांनी मेल यायला लागले: अपडेट इतके हळू का, दुसऱ्याला जबाबदारी का देत नाही? कॉलिन यांनी तेव्हा आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणीबद्दल आणि हे बिनपैशाचं काम असल्याबद्दल उघडपणे लिहिलं होतं. तरी दबाव चालू राहिला आणि हळूहळू जिया टॅनच्या हातात किल्ल्या गेल्या. यातली नावं खरी मानायचं काही कारण नाही. 'कुमार' दिसला म्हणून भारताकडे बोट दाखवणं जितकं पोरकट, तितकंच 'टॅन'वरून चीनकडे. या खात्यांमागे कोण होतं हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही.

जुलै: १२० सेकंद

१ जुलैला क्वालिस या सुरक्षा कंपनीने दुसरी बातमी दिली. या वेळी दोष खुद्द ओपनएसएसएचमध्ये होता आणि इथे कोणी चोर नव्हता, साधी चूक होती.

तुम्ही कनेक्शन करून पासवर्ड न देता तसेच बसलात, तर सर्व्हर कायम वाट बघत नाही. मुळात १२० सेकंदांची मुदत असते. मुदत संपली की गजर वाजतो आणि सर्व्हर हातातलं काम मध्येच टाकून तुम्हाला बाहेर काढतो. अडचण या 'मध्येच' शब्दात आहे. स्वयंपाकघरात फोडणी अर्धी झालेली असताना दाराची बेल वाजली आणि तुम्ही उठलात, तर गॅस कुठल्या अवस्थेत राहिला? तसंच, सर्व्हर मेमरीची मांडामांड करत असताना नेमका गजर वाजला आणि गजरावर चालणाऱ्या कोडनेही मेमरीला हात घातला, तर सगळी मांडणी बिघडते. बरोबर क्षण साधला तर हल्लेखोर त्या बिघाडातून रूट, म्हणजे सर्वाधिकार मिळवू शकतो.

क्षण साधणं सोपं नाही. क्वालिसच्या प्रयोगात, ३२ बिट सिस्टमवर सरासरी १०,००० प्रयत्न लागत होते. पण हिशोब करा: एका वेळी १०० अर्धवट कनेक्शन, प्रत्येकी १२० सेकंद. म्हणजे १०० फेऱ्या, १२,००० सेकंद, साडेतीन तासांच्या आत. मेमरीच्या पत्त्यांचा अंदाज चुकण्याची शक्यता धरली तरी सहा ते आठ तास. इंटरनेटवर उघडे असलेले, या दोषाची शक्यता असलेले १ कोटी ४० लाखांहून जास्त सर्व्हर दिसत असल्याचं क्वालिसने सांगितलं. ६४ बिटवर हे बरंच अवघड आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

खरी मेख पुढे आहे. हीच चूक २००६ मध्ये सापडली होती आणि दुरुस्तही झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची आवराआवर करताना तिच्यापासून वाचवणारी एक छोटीशी अट निघून गेली. ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या, आणि १ जुलैच्या ९.८ मध्ये दुरुस्ती आली. २००६ मध्ये शिकलेला धडा फक्त कोणाच्या तरी आठवणीत आणि एका अटीत होता. अट गेली, धडा गेला.

ज्यांना लगेच अपडेट करता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय होता ती मुदत शून्य करण्याचा, म्हणजे गजरच बंद. त्याने हल्ला टळतो, पण अर्धवट कनेक्शन कधीच बाहेर काढली जात नाहीत. अशी १०० झाली की सर्व्हर नव्या माणसाला आतच घेत नाही. म्हणजे लॉगिन अडकण्यापासून वाचायला जी मुदत ठेवली होती तिच्यात भोक, आणि मुदत काढली तर लॉगिन पुन्हा अडकणार. ९.८ मध्ये म्हणूनच आणखी एक सोय आली: वारंवार अर्धवट लॉगिन सोडून जाणाऱ्या पत्त्याला सर्व्हर काही काळ दारातच थांबवतो.

मग दोष कोणाचा?

दोन्ही घटनांनंतर दोन गट भांडताना दिसले. एक म्हणतो, ओपन सोर्स होतं म्हणून सापडलं. दुसरा म्हणतो, ओपन सोर्स होतं म्हणूनच घुसलं. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

एक्सझेडचा कोड उघडा होता, पण सापळा सुरू करणारी स्क्रिप्ट उघड्या भांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, आणि बाकीचा माल 'टेस्ट फाइल' म्हणून बायनरी रूपात लपवला होता. भांडार वाचणाऱ्या हजार डोळ्यांनाही तो दिसला नसता. दुसरीकडे ओपनएसएसएचचा कोड पूर्ण उघडा, जगातले हुशार लोक बघणारे, आणि तरी २०२० पासून चूक तशीच. म्हणजे उघडं असणं पुरेसं नाही, कोणीतरी बघायला लागतं. पण फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आलं, कारण सगळे थर उघडता येत होते. बंद सॉफ्टवेअर असतं तर त्यांनी फार तर एक तक्रार नोंदवली असती आणि 'कृपया रीस्टार्ट करून बघा' असं उत्तर मिळालं असतं.

पैशाचा मुद्दा खराच आहे. २०१४ मध्ये हार्टब्लीड सापडलं तेव्हा निम्मं जग ज्यावर चालत होतं त्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. तेव्हाही सगळे हळहळले, निधी उभे राहिले. दहा वर्षांनी एक्सझेड तिथेच सापडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या झेरोधाने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. भारतातल्या कंपनीने उचललेलं हे पाऊल मोठं आहे, आणि इथल्या इतर कंपन्यांनी स्वतःला विचारावं की आपण फुकट किती घेतो आणि परत किती देतो.

पण पैसा हे पूर्ण उत्तर नाही. कॉलिन यांच्यावर जे मेल आले ते पुन्हा वाचले तर त्यात धमकी नाही, शिवी नाही. 'अपडेट कधी?', 'एवढा वेळ का?', 'जमत नसेल तर दुसऱ्याला द्या.' हीच भाषा आपण प्ले स्टोअरवर एक स्टार देताना वापरतो. हल्लेखोरांना वेगळं काही लिहावंच लागलं नाही, आपली रोजची भाषा उचलली आणि ती खपून गेली. फुकट काम करणाऱ्या माणसाशी आपण ग्राहकासारखं बोलतो, ही सवय आता सुरक्षेचा प्रश्न झाली आहे, असं मला वाटतं.

आणि दुसरी सवय आपल्या इंजिनियर मंडळींची: 'चालतंय ना? मग सोड.' फ्रॉइंड यांनी अर्धा सेकंद सोडला असता तर कोणी त्यांना बोललं नसतं. त्यांचं ते कामच नव्हतं. आमचा दहा सेकंदांचा सर्व्हर आठ महिने चालत होता आणि एकानेही घड्याळ लावलं नाही. आमचं नशीब की तिथे फक्त मेलेला डीएनएस निघाला.

तुम्ही काय करू शकता

सर्व्हर नसेल तर एवढंच: फोन आणि राउटरचे सिक्युरिटी अपडेट लांबवू नका, आणि एखादं मोफत ॲप आवडत असेल तर पुढच्या वेळी 'अपडेट कधी' विचारण्याआधी बनवणाऱ्याला आभाराची एक ओळ लिहा.

सर्व्हर असेल, अगदी महिन्याला चारशे रुपयांचा असला तरी, तर चार कामं करा. ओपनएसएसएचची आवृत्ती तपासा. नंबर ९.८ पेक्षा कमी दिसला तर लगेच घाबरू नका, कारण उबुंटू आणि डेबियन जुन्याच नंबरवर दुरुस्ती लावून देतात. सगळे अपडेट लावलेले आहेत ना, हे बघा. एक्सझेड ५.६.० किंवा ५.६.१ असेल तर ताबडतोब बदला; कॉलिन यांनी मे २०२४ मध्ये साफ केलेली ५.६.२ आणली. पासवर्डऐवजी किल्लीने लॉगिन ठेवा. आणि लॉगमध्ये 'टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन' अशा ओळींचा ढीग दिसला तर कोणीतरी अर्धवट लॉगिन लटकवतंय असं समजा.

पाचवं काम पाच मिनिटांचं आहे. आज सगळं ठीक असताना लॉगिनला किती वेळ लागतो ते 'टाइम' कमांडने मोजा आणि कुठेतरी लिहून ठेवा. फ्रॉइंड यांच्याकडे ०.८०७ च्या शेजारी ठेवायला ०.२९९ हा आकडा होता. आमच्याकडे दहा सेकंदांच्या शेजारी ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून आम्ही आठ महिने नेटवर्कला नावं ठेवत बसलो.